पालथं डाळिंब

सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास महेश्वरी बिराजदारनं डाळिंबाचा एक फोटो कॉम्प्युटरवर उलटा केला, वरचं खाली आणि खालचं वर, आणि तिचं सहा वर्षांचं काम बसल्या जागी ढासळलं.

फोटो चांगल्या डाळिंबाचा होता. तिनं स्वतः ते कापलं होतं. आतले दाणे लालबुंद, वहीत तशी नोंद. कॉम्प्युटरनंही सरळ फोटो बघून चांगलंच म्हटलं होतं. तोच फोटो पालथा केल्यावर कॉम्प्युटर म्हणाला, सडकं. तेही शहाण्णव टक्के खात्रीनं. तिनं दुसरा फोटो घेतला, तिसरा घेतला. चांगल्याचा उलटा केला की सडकं, सडक्याचा उलटा केला की चांगलं. ती मनातल्या मनात मोजत होती, वंदू, यरडू, मूरू. घाबरली की तिचं मोजणं कन्नडमध्ये जायचं. वीस फोटो झाले. त्यातल्या एकोणिसांनी कोलांटी खाल्ली. आणि शुक्रवारी अकरा वाजता तिला समितीपुढं प्रबंध मांडायचा होता.

महेश्वरी अक्कलकोटच्या खालच्या अंगाची. गाव असं, की बांधावर उभं राहून हाक मारली तर कर्नाटकातला माणूस ओ देतो. घरी कन्नड, शाळेत मराठी, आणि भांडायचं कुठल्या भाषेत ते समोरचा बघून ठरायचं. बाप शरणप्पा विहिरीवरच्या मोटारींचं वाइंडिंग करायचा. तांब्याची तार वेढे मोजत भरायची. एका वेढ्याचा जरी संशय आला तरी तो बाप्या शिव्या घालत सगळी तार उसकटायचा आणि पहिल्यापासून मोजायला बसायचा. गिऱ्हाईक दारात ताटकळायचं. पोरगी तिथंच बसून पाढे पाठ करायची. पुढं सोलापूरला येऊन ती फिजिक्समध्ये एम.एस्सी. झाली, एका ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावीला शिकवायला लागली, लग्न झालं. आता पाळणा हलेल म्हणून घरच्यांनी वाट बघावी, तर हिनं पीएच.डी.ला नाव घातलं. पाळणाही हलला, पण नोंदणीच्या दुसऱ्या वर्षी, पोट सांभाळत प्रयोगशाळेचे तीन मजले चढून. आज ती चौतिशीची. मुदतवाढ एकदा घेऊन झालेली. समितीनं हो म्हटलं तरच प्रबंध जमा करता येणार, तो पंधरा मार्चला जमा झाला नाही तर नोंदणी रद्द, आणि दुसऱ्यांदा नाव घालायला ना रजा शिल्लक होती, ना घरातल्या माणसांचा दम.

आपला विषय काय आहे हे सासूला समजावायला तिला दोन वर्षं लागली होती. शेवटी तिनं सुपाचा आधार घेतला. दवाखान्यात एक्स-रे काढतात तेव्हा काही किरण अंगातून सरळ पार होतात, त्यांचा फोटो उमटतो. काही आत कशाला तरी धडकून वाकडेतिकडे उधळतात. डॉक्टरला हे उधळलेले किरण नकोच असतात, कारण त्यांच्यामुळं फोटो धुरकटतो. पाखडताना दाणा सुपात राहतो आणि फोलपट उडून जातं, तशातली गत. महेश्वरीचं काम म्हणजे ते उडालेलं फोलपट गोळा करायचं आणि त्यावरून धान्य कसलं होतं ते सांगायचं. सरळ येणारे किरण ती शिशाच्या चकतीनं अडवायची आणि चकतीच्या कडेनं जी उधळण पडेल तिचा फोटो घ्यायची. फोटो म्हणजे निव्वळ धुकं. माणसाच्या डोळ्याला त्यात डोंबल कळत नाही. म्हणून ते कॉम्प्युटरला दाखवायचं. हे चांगल्याचं, हे सडक्याचं, असं सांगत हजारभर फोटो दाखवले की तो आपल्या आपण खुणा धरून ओळखायला शिकतो. ह्यालाच डीप लर्निंग म्हणतात. कुठली खूण धरली ते मात्र तो आपण होऊन सांगत नाही.

"म्हंजे जनावरागत," सासू म्हणाली होती. "सवय लागली की लागली."

सुरवातीला माणसाच्या हाडांवर काम करायचं ठरलं होतं. पण पेशंट म्हटला की परवानगी आली, सह्या आल्या, एक वर्ष कागदातच मोडलं. तेव्हा तिचे गाईड इंद्रजीत माने सर म्हणाले, की सोलापुरात राहतेस तर सही न मागणारं काहीतरी शोध. डाळिंब सही मागत नाही. शिवाय त्याची खोड इथल्या पोरासोरांना माहीत. वरनं टकाटक दिसतं आणि फोडलं की आत काळा चोथा. न कापता ते ओळखता आलं तर प्रबंधही होईल आणि चार लोकांच्या उपयोगीही पडेल.

फळं आणायला आणि मशिनीत ठेवायला माणूस पाहिजे होतं, म्हणून मार्केट यार्डातली चिमाबाई आली. वय साठीला टेकलेलं. बावीस वर्षं डाळिंबाच्या शेडमध्ये निवडीवर काढलेली. फळ तळहातावर घेऊन एकदा झेलल्यासारखं करायची, टिचकी मारायची, की आतलं तिला कळायचं. कसं कळतं विचारलं तर म्हणायची, तुला तुज्या पोरीचा ताप कसा कळतो. मशिनीपाशी तिचं काम सोपं होतं. थर्माकोलच्या वाटीत फळ ठेवायचं, बाहेर यायचं, शिसं बसवलेलं दार ओढायचं. महेश्वरी काचेआडून बटण दाबायची. मग फळ कापायचं आणि आत जे निघेल ते वहीत लिहायचं. दोन हंगामांत एक हजार चारशे ऐंशी डाळिंबं झाली. त्यांवर कॉम्प्युटर शिकला आणि न पाहिलेल्या फोटोंतले शंभरात चौऱ्याण्णव बरोबर सांगायला लागला. त्या दिवशी माने सरांनी सगळ्या डिपार्टमेंटला पेढे वाटले होते.

हे सगळं बिघडलं ते सरांच्याच एका सूचनेनं. शनिवारी ते सहज म्हणाले, की कॉम्प्युटर निर्णय देताना फोटोत नेमकं कुठं बघतो त्याचा एक रंगीत नकाशा जोड, दिसायला बरं दिसतं. जिथं जास्त बघतो तिथं लाल, जिथं बघत नाही तिथं निळं. महेश्वरीला वाटलं होतं लाल डाग फळाच्या पोटात येईल, जिथं सड असते. सोमवारी नकाशे काढले तर पोट निळंशार. लाल होतं ते फळाच्या वरच्या नाहीतर खालच्या टोकाला, जिथं डाळिंबाचा दातेरी मुकुट असतो तिथं. मुकुट वर असला की चांगलं, मुकुट खाली असला की सडकं. कॉम्प्युटरला दुसरं काहीएक येत नव्हतं.

तिनं जुने फोटो उघडले आणि मुकुट कुठं आहे ते हातानं तपासत गेली. डोळ्याला पहिल्यांदा धुकंच दिसायचं, पण काय शोधायचं ते माहीत झाल्यावर मुकुटाची अंधूक सावली सापडायला लागली. दोनशे फोटोंत मुकुटाची बाजू आणि वहीतली नोंद ताडून पाहिली. शंभरात त्र्याण्णव वेळा सडकं फळ पालथं होतं आणि चांगलं सुलटं. फळ कापायच्या आधी आत काय आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. मग सडकी फळं आपण होऊन पालथी पडत होती काय?

खोलीत तिच्याशिवाय दुसरा एकच हात होता. तिनं स्कूटर काढली आणि यार्डाकडं सुटली.

दुपारचा बाजार निवांत झाला होता. सौदे उरकलेले, शेडमध्ये निवड चाललेली. चिमाबाई कॅरेटांच्या ओळीपाशी फतकल मारून बसली होती. महेश्वरी हाक न मारता थप्पीच्या आडोशाला उभी राहिली आणि तिच्या हाताकडं बघत राहिली. फळ उचललं, झेललं, टिचकी, मुकुट वर करून ठेवलं. उचललं, झेललं, टिचकी, मुकुट वर. आठ-दहा फळं तशी गेली. मग एक आलं, तेवढंच झेललं, तेवढीच टिचकी, आणि ते मुकुट खाली करून ठेवलं. शेजारच्या बाईनं न बघता तेवढंच उचललं आणि मागच्या पाटीत टाकलं. दोघींची बोलणी चालली होती ती कुणाच्या तरी लेकीच्या बाळंतपणाची. दोन हातांवर मालाचा मालक रिकाम्या कॅरेटवर बसून चहा पीत होता. त्याला काही कळलं नाही.

महेश्वरी पुढं झाली आणि तिनं विचारलं, "मावशी, हे पालथं का घातलं?"

"काय पालथं?" चिमाबाई म्हणाली आणि स्वतःच्या हाताकडं बघायला लागली.

मग तिनं मालक उठून जाईतोवर दम धरला आणि आवाज खाली आणून सांगितलं. "मालक म्होरं बसल्याला असतुया. त्येच्या तोंडावर सडकं म्हणलं की बसतो आरडत, माज्या मालाचा भाव पाडताय म्हून. मग त्वांडच उघडायचं न्हाय. पालथं घातलं की फुडची बाय काढून घेती. हितं समद्या तसंच करत्यात."

"आणि माझ्या मशिनीत?"

चिमाबाईनं हातातलं फळ फिरवून बघितलं. "तितं बी हात ह्योच की. दुसरा कुटनं आणू?"

महेश्वरी तिथंच कॅरेटवर टेकली आणि झालं ते सांगितलं. कॉम्प्युटर काय शिकला, चौऱ्याण्णवचा आकडा कुठनं आला, शुक्रवारी काय आहे. चिमाबाईनं हातातलं फळ न ठेवता सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे तुजं मशिन कायबी शिकलं न्हाय," ती म्हणाली. "त्येनं माजी कॉपी मारली."

ह्यावर शेजारची बाई फिस्सकन हसली. महेश्वरीला हसू आलं नाही. ती जरा तोडूनच म्हणाली, की मावशी, तुम्ही एकदा तरी सांगायचं होतंत. तेव्हा मात्र चिमाबाईचा पारा चढला.

"मला सांगिटलं का कुणी, कसं ठिवायचं म्हून? दोन वरसं काचंतनं बघत हुतीस की गं म्याडम. डोळं तुजं, शिक्शान तुजं, आन् चूक माजी व्हय?"

खरंच काच होती, दिवा होता, आणि एक हजार चारशे ऐंशी वेळा फळ तिच्या समोर ठेवलं गेलं होतं. तिची नजर दरवेळी घड्याळावर, बटणावर आणि वहीवर होती.

मंगळवारी सकाळी तिनं माने सरांपुढं नकाशे मांडले. सर निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, तब्येतीनं किरकोळ, बोलायला मऊ. त्यांनी चष्मा काढून फोटो बघितले, चष्मा लावून बघितले, आणि उठून केबिनचं दार लावलं. हे आणखी कुणाला बोललीस का, हे त्यांचं पहिलं वाक्य. चिमाबाईला, म्हटल्यावर त्यांना जरा बरं वाटलं.

मग ते समजुतीच्या सुरात बोलत राहिले. नकाशा समितीनं मागितलेला नाही, तेव्हा ती स्लाइड काढून टाकायची. आकडा खोटा नाही, मशीननं खरोखर तेवढीच उत्तरं बरोबर दिलीत. एकदा पदवी हातात पडली की निवांत दुसरा लेख लिहून दुरुस्ती करता येते. आणि आत्ता तीन दिवसांत काय होणार? बुधवारी महाशिवरात्र, कॉलेज बंद. त्यांच्या बोलण्यात लबाडी कमी होती आणि धास्ती जास्त. पेढे त्यांनी वाटले होते.

महेश्वरी खाली मान घालून ऐकत होती. खरं सांगायचं तर निम्मं मन तिचंही तिकडंच झुकलेलं. स्लाइड काढायला एक बटण पुरतं. पोरगी, नवरा, सासू, सहा वर्षं, सगळं त्या बटणाच्या पलीकडं सुखरूप होतं. पण सोमवारपासून तिच्या डोळ्यांपुढं यार्डातला एक पट्टा फिरत होता, जो अजून कुठंच नव्हता.

"सर, उद्या कुणी हे मशीन खरंच यार्डात बसवलं तर?" ती म्हणाली. "पट्ट्यावर फळं लोळत येणार. पालथी घालायला तिथं चिमाबाई नसणार. ज्याचं फळ उलटं पडेल त्याचा माल सडका ठरणार."

महेश्वरीनं लगेच आपला बेत सांगून टाकला. नवी दोनशे चाळीस डाळिंबं, निम्मी चांगली निम्मी संशयाची, चिमाबाई आणेल. कुठलं मुकुट वर करून आणि कुठलं पालथं ठेवायचं ते नाणं उडवून ठरवायचं. जुन्या फोटोंवर कॉम्प्युटरला पुन्हा शिकवायचं, पण ह्या खेपेला कुठलाही फोटो कसाही उलटासुलटा करून, म्हणजे मुकुटाची खूणच मारली जाईल. मग नव्या फळांवर एकदा, फक्त एकदाच, परीक्षा. जो आकडा येईल तो समितीपुढं.

"आणि पन्नास आला तर?" सरांनी विचारलं. चांगलं-सडकं डोळे मिटून सांगितलं तरी पन्नास येतात.

"तर पन्नास."

एक्स-रे मशिनीचा परवाना सरांच्या नावावर होता आणि ते जागेवर नसतील तर ती चालू करायची नाही असा नियम. सुट्टीच्या दिवशी ते आले नाहीत तर सगळा बेत तिथंच संपणार होता. येतो असं सर म्हणाले नाहीत. येत नाही असंही म्हणाले नाहीत.

बुधवारी सकाळी सात वाजता महेश्वरी पोचली तेव्हा चिमाबाई टेम्पोवाल्याशी वाद घालत कॅरेट उतरवून घेत होती आणि गेटला कुलूप होतं. साडेसात झाले. आठ झाले. दोघी पायरीवर बसून राहिल्या. दोघींना उपास. चिमाबाईनं दोनदा विचारलं, की तुजा सर येतुया का शंकराच्या देवळात बसलाय. सव्वाआठला माने सर रिक्षातून उतरले, काखेत वर्तमानपत्र, हातात किल्ल्या. कुणाशी न बोलता त्यांनी कुलूप काढलं आणि मशिनीच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून पेपर उघडला.

काम सुरू झालं तसं लक्षात आलं, की अवघड गोष्ट नाण्याची नव्हती, हाताची होती. चिमाबाईनं फळ झेलून आधी आपला निकाल बोलायचा, महेश्वरीनं तो लिहून घ्यायचा, मग नाणं उडवायचं. छापा आला तर मुकुट वर, काटा आला तर खाली. पहिल्याच सडक्या फळाला छापा आला. चिमाबाई व्हय म्हणाली, आत गेली आणि फळ पालथं ठेवून बाहेर आली. महेश्वरीनं काचेतनं बघितलं, तिला परत आत पाठवलं. तिसऱ्या खेपेला पुन्हा तेच. चिमाबाई आपल्याच हातावर चिडली.

"ऐकंनाच की ह्यो," ती म्हणाली आणि उजवा हात पदरात गुंडाळून डाव्या हातानं फळं ठेवायला लागली. डावा हात निर्मळ होता, त्याला शेडची सवय नव्हती.

वीस फोटो झाले की एक्स-रेची नळी तापायची आणि मशीन आपोआप बंद पडायचं. दहा मिनिटं थांबायचं. त्या दहा मिनिटांत महेश्वरी फळं कापायची आणि नोंदी करायची. चिमाबाई चांगल्या निघालेल्या फळांचे दाणे वाटीत काढायची. उपासाला चालतंय, आणि ह्या किरणांनी फळ बाधत नाही हे तिनं पहिल्याच हंगामात विचारून घेतलं होतं. एक वाटी तिनं बाहेर सरांनाही नेऊन दिली. दुपारनंतर दहाची पंधरा मिनिटं व्हायला लागली. नळी थंड व्हायलाच मागेना. पाच वाजता दोनशे झाली होती. सहा वाजता दोनशे वीस. सरांनी पेपर केव्हाच खाली ठेवला होता आणि ते दारात उभे राहून घड्याळ बघत होते. शेवटचं फळ कापलं तेव्हा महेश्वरीच्या दोन्ही हातांचे तळवे डाळिंबाच्या डागांनी काळे पडले होते.

गुरुवारी सकाळपासून कॉम्प्युटर जुन्या फोटोंवर शिकत होता. महेश्वरीनं नव्या फोटोंना हात लावला नाही. परीक्षा एकदाच घ्यायची, आकडा आवडला नाही म्हणून थोडं इकडंतिकडं करून पुन्हा घ्यायची नाही, हे तिनं सरांसमोर कागदावर लिहून सही केली होती. दुपारी चार वाजता शिकणं संपलं. सर खुर्ची ओढून शेजारी बसले. तिनं बटण दाबलं. अर्ध्या मिनिटात आकडा आला.

सत्त्याहत्तर.

पन्नास नव्हते, पण चौऱ्याण्णवही नव्हते. वहीत चिमाबाईनं हातानं दिलेले निकाल होते, तेही तिनं जुळवून बघितले. दोनशे चाळिसांत चिमाबाई बावीस वेळा चुकली होती. म्हणजे शंभरात एक्याण्णव बरोबर. सहा वर्षं, शिसं, परवाने आणि कॉम्प्युटर एका बाजूला, आणि शेडमधली बाई एका बाजूला, आणि बाई चौदानं पुढं. महेश्वरी आकड्याकडं बघत बसली. तिला रडू वगैरे आलं नाही. उद्या काय बोलायचं एवढंच तिला सुचत नव्हतं.

सर बराच वेळ वही चाळत होते. मग म्हणाले, "बाई चुकली ती बावीस काढ. त्यांत मशीन काय म्हणालं ते बघ."

तिनं एकेक काढलं. बावीस फळं, ज्यांना हात फसला होता. त्यांतली पंधरा मशीननं बरोबर ओळखली होती. म्हणजे मशीन आता चिमाबाईची नक्कल करत नव्हतं. जिथं वजनाला आणि टिचकीला काही लागत नव्हतं, तिथं त्या धुक्यात काहीतरी खरंच होतं. थोडं होतं, पण होतं. तिनं पुन्हा मोजलं. पंधराच.

शुक्रवारी अकराला समिती बसली. विद्यापीठातले दोघे, आणि कोल्हापूरहून आलेल्या वैजयंती मॅडम, ज्यांचं नाव ऐकून संशोधन करणाऱ्या पोरांचे घसे कोरडे पडायचे. महेश्वरीनं पहिल्या स्लाइडवर चौऱ्याण्णव लिहिलं. दोघांनी माना डोलावल्या. दुसऱ्या स्लाइडवर तिनं फोटो पालथा करून दाखवला आणि मशीनचं बदललेलं उत्तर. माना थांबल्या. पुढची वीस मिनिटं ती शेडची रीत, चिमाबाईचा हात, नाणं आणि सत्त्याहत्तर ह्याविषयी बोलली. माने सर कोपऱ्यात टेबलाकडं बघत बसले होते.

वैजयंती मॅडमनी एकच प्रश्न धरून ठेवला होता. "हाताला शंभरात एक्याण्णव कळतात, तर सत्त्याहत्तरवाल्या मशीनची गरज काय?"

महेश्वरीनं बावीस फळांची स्लाइड लावली आणि पंधरा दाखवली.

"बावीस म्हणजे मूठभर झाली."

"हो मॅडम, मूठभरच आहेत. ह्याच्यापुढं माझा काही दावा नाही."

"आणि ही चूक तुमच्या सरांच्या लक्षात आली नाही?"

महेश्वरी काही बोलायच्या आत माने सर उठून उभे राहिले आणि म्हणाले, की नाही आली, आणि आल्यावर ती झाकावी असंही मला एक दिवस वाटलं होतं. एवढं बोलून ते खाली बसले. वैजयंती मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं आणि महेश्वरीला बाहेर थांबायला सांगितलं.

व्हरांड्यातल्या बाकावर ती पंचवीस मिनिटं बसली. आतनं कधी एकाचा आवाज चढायचा, कधी दुसऱ्याचा. एकदा 'मुदत' हा शब्द ऐकू आला, एकदा कुणीतरी 'नामंजूर' म्हणालं, पण कशाला ते कळलं नाही. तिनं मोजायला सुरवात केली आणि मोजणं सोडून दिलं.

आत बोलावून त्यांनी सांगितलं ते असं. प्रबंध जमा करायला परवानगी. पण शीर्षकातला 'अचूक' हा शब्द काढायचा. चौऱ्याण्णवचा आकडा चूक म्हणूनच दिसला पाहिजे, आणि त्या चुकीवर एक पुरं प्रकरण लिहायचं. चिमाबाईचे दोनशे चाळीस निकाल जसेच्या तसे परिशिष्टात जोडायचे. मुदत तीच, पंधरा मार्च. म्हणजे पंधरा दिवसांत निम्मा प्रबंध नव्यानं.

दुपारी ती यार्डात गेली. परवानगी मिळाल्याचं ऐकून चिमाबाईनं बरं झालं म्हटलं आणि हातातली निवड सुरू ठेवली. जरा वेळानं तिनं विचारलं, की मी किती चुकले म्हणालीस? बावीस, म्हटल्यावर तिचा हात थांबला.

"दाखीव बावीस."

महेश्वरीनं वही काढली आणि एकेक नंबर, त्या दिवशी तिनं दिलेला निकाल आणि आत काय निघालं ते वाचत गेली. पहिली चार चिमाबाईनं मुकाट मान्य केली. पाचव्याला, एकसष्ट नंबरला, तिनं हात वर केला.

"ह्ये मी सडकं म्हणलंच न्हाय. मी म्हणलं, बघावं लागंल. तू सडकं लिवलंस. तवा नळी तापल्याली, तुज्या मागं घाई."

महेश्वरीनं ओळ नीट बघितली. तिचंच अक्षर, पण घाईतलं, आणि पुढं पुसट प्रश्नचिन्ह काढून खोडलेलं. मशीननं हे फळ बरोबर ओळखलं होतं. हे निघालं तर पंधराची चौदा होत होती आणि बावीसची एकवीस. मग तिनं पेन काढलं, एकसष्टवर काट मारली आणि बाजूला तारीख घातली.

"फुडचं वाच," चिमाबाई म्हणाली.